कॅप्टन हॉबडे यांच्या उच्चाराची वहिवाट

कोल्हापुरात इंग्रज साहेबाचा उच्चार एकच आहे, आणि तो शुक्रवार पेठेतल्या न्यू करवीर ड्रेपरीत पत्र्याच्या डबीत ठेवलेला असतो.

आकारानं तो खारकेच्या बीएवढा. रंग जुन्या खोगिराच्या कातड्याचा. खालच्या डाव्या दाढेच्या जागी बसवायचा, तोंड मिटायचं, मनात दहा मोजायचे, की माणूस अठराशे अठ्ठेचाळीस सालच्या साहेबासारखा बोलायला लागतो. नाटक-सिनेमावाल्यांना ड्रेपरीतून अंगरखे, तलवारी, मिशा भाड्यानं मिळतात तसा हाही मिळतो. त्याची पावती होते. वापरून झाल्यावर कोमट पाण्यानं धुऊन परत करावा, अशी पाटी भिंतीवर आहे.

तो तिथं आला कसा, यात काही गूढ नाही. ड्रेपरीच्या मालकीण ताराक्का पिसे यांचे खापरपणजोबा छावणीत साहेबांचे कपडे शिवायचे. कॅप्टन हॉबडे नावाच्या साहेबाला कोल्हापूरचं दूध मानवलं, पोट सुटलं, आणि त्यानं कोट कमरेत सैल करायला दिला. आतल्या खिशात उच्चार राहिला. दोन दिवसांनी वरून हुकूम आला आणि साहेब घाईघाईनं निघून गेला. कोट राहिला, उच्चारही राहिला, आणि साहेब बिनउच्चाराचाच बोटीत बसला. पिशांच्या घरानं तीन पिढ्या वाट पाहिली. गिऱ्हाइकाची वस्तू आहे, आज ना उद्या येईल न्यायला. कोणी आलं नाही. मग गावात सिनेमा आला, सिनेमात साहेब आला, आणि पिशांनी डबी उघडली.

गेली अडतीस वर्षं हा उच्चार शामराव इंगवले लावतात. घारे डोळे, उन्हात लालबुंद होणारी कातडी, आणि पहिल्याच सिनेमात घोड्यावरून पडून नेमकी तीच दाढ गेलेली. देवानं मापच दिलं होतं म्हणा ना. दुसऱ्या कुणाला तो धड बसत नाही. चार वाक्यं होईतो घसरतो, आणि साहेब जयसिंगपूरच्या आसपासचा वाटायला लागतो. इंगवल्यांच्या तोंडात मात्र तो असा बसायचा की सेटवरची घोडी कान टवकारायची. दातांच्या डॉक्टरनं किती वेळा सांगितलं, की शामराव, तिथं खोटी दाढ बसवू या, अन्न अडकतंय. इंगवले म्हणायचे, "डॉक्टर, ती जागा भाड्यानं दिलीय." अडतीस वर्षं माणूस एकाच बाजूनं चावत आला.

एकसष्ट सिनेमे झाले. प्रत्येकात साहेब म्हणजे इंगवले, आणि प्रत्येकात साहेब शेवटी हरायचा. कधी कड्यावरून पडायचा, कधी खंदकात, एकदा तर शेणाच्या खड्ड्यात. पेठेत सगळे त्यांना 'सायेब' म्हणायचे. मंडईत भाजीवाली म्हणायची, "सायेब, मेथी घ्या, लई कोवळी हाय." इंगवले पिशवी पुढं करायचे. आपल्याला इंग्रजी येत नाही हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. इंग्रजी सुरू व्हायच्या वर्षीच त्यांची शाळा सुटली होती. कुणी विचारलंही नव्हतं. विचारणार कोण? साहेबाला इंग्रजी येतं का, असं कोण विचारतं?

भाद्रपदात लंडनहून पत्र आलं. उच्चार जतन मंडळ असं वर छापलेलं. मजकूर मराठीत, तीन प्रतींत. आमच्या देशात अठराशे अठ्ठेचाळीस सालावर चित्रपट निघत आहे. परंतु त्या काळचा उच्चार आमच्या नटांना जमत नाही. हल्ली आमच्या ऐतिहासिक चित्रपटांत परदेशी नटच आमच्यासारखे बोलतात, आणि ते ऐकून आम्हांला आमचीच लाज वाटते. ऑस्ट्रेलियाचे नट आणून पाहिले, डेन्मार्कचे आणले. ते बरे बोलतात, पण त्यांचेही ऐकीवच. अस्सल नग देशात एकही शिल्लक नाही. मंडळाच्या नोंदीनुसार कॅप्टन हॉबडे यांचा नग आपल्याकडे आहे. तरी तो उलट टपाली परत करावा, ही विनंती.

ताराक्कांनी पत्र तीनदा वाचलं आणि इंगवल्यांना बोलावून घेतलं.

"सायबा, वस्तू तर त्यांचीच हाय न्हवं?" ताराक्का म्हणाल्या. "गिऱ्हाइकाचा कपडा गिळायची रीत आमच्या दुकानात न्हाई. खापरपणज्यानं सैल केलेला कोट बी मी ठेवलाय घडी घालून."

"कोट द्या की खुशाल," इंगवले म्हणाले. "आक्का, अडतीस वर्षं झाली. तुमच्या डबीत कमी आन् माझ्या तोंडात जास्त ऱ्हायलाय त्यो."

"ते बी खरंच हाय."

"त्यो गेला तर मी कोण?"

ताराक्कांनी डबी दोघांच्या मध्ये ठेवली आणि चहा सांगितला. एकदा, ऐन तिशीत, उच्चार न लावता इंगवल्यांनी साहेबाचं वाक्य म्हणून पाहिलं होतं. ऐकणाऱ्यांना वाटलं, कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी मोजणारा कारकून ओरडतोय. तेव्हापासून त्यांना आपली किंमत ठाऊक होती.

वस्तू कुणाची, हे दोघांना ठरवता येईना, म्हणून प्रकरण जिल्हा उच्चार अधिकारी श्री. तळाशीकर यांच्याकडे गेलं. तळाशीकर शिस्तीचे. त्यांनी दोन्ही बाजूंना नोटीस काढली. सुनावणी अमुक तारखेला, सकाळी अकरा वाजता. दोन्ही अर्जदारांनी सदर उच्चार लावून प्रत्येकी दोन मिनिटं बोलून दाखवावं. मंडळानं उलट कळवलं, आम्ही स्वतः येतो.

"दोन मिनिटं बोलायचंय," इंगवल्यांनी घरी इंदूबाईंना सांगितलं. घास तोंडात फिरत होता. "इंग्रज समोर बसणार. इंग्रजीतच बोलायला लागणार की."

"मग बोला की," इंदूबाई म्हणाल्या.

"येत न्हाई मला."

इंदूबाईंचा हात भाकरीवर थांबला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. "अवं, काय सांगायलाय! आन् माहेरी मी सगळ्यांस्नी सांगत आले की मालक इंग्रजी फाडफाड बोलतात."

"फाडफाड बोलतोय, पन मराठीत."

इंदूबाईंनी नवऱ्याच्या ताटात दुसरी भाकरी घातली. "जेवा आधी," म्हणाल्या. "जे येतंय तेच बोलायचं. न येणारं कुठनं आणणार?" पण इंगवल्यांना त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. आरशासमोर उभे राहून ते 'गुड मॉर्निंग' म्हणायचे आणि स्वतःलाच शरमायचे.

सुनावणीच्या दिवशी तळाशीकरांच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी पेठ लोटली होती. मंडळातर्फे मिस ऑल्डरसन आल्या होत्या, साठीच्या, उंच, काखेत जाडजूड नोंदवही. पुण्याला राहून मराठी शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांचं बोलणं पाठ्यपुस्तकासारखं होतं. त्यांच्यासोबत नट होते, श्री. रूपर्ट फॅनशॉ. माणूस देखणा. आणि तयारीचा! उच्चार नीट बसावा म्हणून त्यांनी आदल्याच आठवड्यात स्वतःची चांगली, धडधाकट दाढ काढून घेतली होती. हे कळल्यावर पेठेतली मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. मानलं गड्याला, असं दोघातिघांनी उघड म्हटलं. इंगवल्यांनी आपल्या दाढेच्या रिकाम्या जागेवरून जीभ फिरवली.

तळाशीकरांनी आधी ताराक्कांची साक्ष घेतली.

"वस्तूची देखभाल कशी होते?"

"लिंबाच्या पाल्यात ठेवतो. महिन्यानं ऊन दावतो."

"पूजा?"

"खंडेनवमीला. तलवारी, कात्री, मशीन आन् ह्यो. हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी भाड्यानं देत न्हाई."

तळाशीकरांनी डबी उघडून पाहिली. झाकणाला आतून हळद लागलेली होती. तशी नोंद झाली.

मग मिस ऑल्डरसन उभ्या राहिल्या. "महोदय, ही वस्तू आमच्या राष्ट्राची आहे. तिच्यावाचून आम्ही आमच्या पूर्वजांसारखे बोलू शकत नाही. आमच्या लेकरांना आपले पणजोबा कसे बोलत, हे ठाऊक नाही. कृपया विचार व्हावा." खोलीतल्या लोकांना वाईट वाटलं. पणजोबाचा आवाज हरवणं ही काही थोडी गोष्ट नाही.

"प्रात्यक्षिक," तळाशीकर म्हणाले.

पहिला मान पाहुण्यांचा. फॅनशॉंनी उच्चार धुतला, दाढेच्या जागी बसवला. चपखल बसला. त्यांनी तोंड मिटलं, दहा मोजले, छाती पुढं काढली आणि इंग्रजीत बोलायला सुरुवात केली.

आवाज आला नाही. ओठ हलत होते, हात हलत होते, कपाळावरची शीर फुगली होती, पण खोलीत पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. फॅनशॉंनी घसा खाकरला. खाकरणं ऐकू आलं. पुन्हा इंग्रजी सुरू केलं, पुन्हा काही नाही. दोन मिनिटं पूर्ण झाली. अर्जदार क्रमांक एक यांच्या तोंडून उच्चार बाहेर पडला नाही, असं तळाशीकरांनी लिहून घेतलं.

"वस्तू नादुरुस्त आहे!" मिस ऑल्डरसन म्हणाल्या. "हिची हेळसांड झालेली आहे!"

हा ताराक्कांच्या दुकानाच्या नावाचा प्रश्न होता. त्या ताडकन उठल्या. "हेळसांड? गेल्याच महिन्यात सायबानं दोन किल्ले घेतलेत ह्याच्यावर!"

"ताराबाई, शांत व्हा," तळाशीकर म्हणाले. "मला एवढंच सांगा. हा उच्चार इंग्रजीवर शेवटचा कधी वापरला?"

ताराक्कांनी पावत्यांची वही उघडली. पानं मागं मागं नेली. पार पहिल्या पानापर्यंत गेल्या. मग त्यांनी चष्मा काढला.

"इंग्रजीवर? कधीच न्हाई, सायेब. हितं सायेब मराठीतच बोलतोय."

खोलीत कुजबुज झाली. खरंच की. एकूण एक सिनेमात, एकूण एक नाटकात, साहेब मराठीतच हुकूम सोडतो, मराठीतच खलिते वाचतो आणि मरतानाही मराठीतच शिव्या देतो. इतक्या वर्षांत कुणाला यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"म्हणजे पावत्या सुरू झाल्यापासून," तळाशीकर सावकाश म्हणाले, "या वस्तूचा इंग्रजीशी संबंध आलेला नाही."

"विसरला आसंल, सायेब. त्याचा काय दोष? तुमी बी विसराल."

इंगवले हे ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या खांद्यावरचं मणभर ओझं उतरलं. डोळे भरून आले, ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसले. उठले. फॅनशॉंच्या हातून उच्चार घेतला, कोमट पाण्यात धुतला आणि आपल्या जागी बसवला. एक, दोन, तीन. दहापर्यंत त्यांनी सावकाश मोजलं.

"वेल, पाटील!" इंगवले गरजले. "टुमचा गड आमी साट डिवसांट घेनार! टुमी भाकरी खाटो, पानी पिटो आनि गप बसटो! आमी डोंगर खाटो, नडी पिटो, आनि कढी बसट नाय!"

दारातला शिपाई खाडकन सरळ उभा राहिला. तळाशीकर खुर्चीतून कधी उठले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पेठेतली माणसं, जी इंगवल्यांना रोज बनियनवर दूध आणताना बघायची, ती दोन पावलं मागं सरकली.

मिस ऑल्डरसन यांनी नोंदवही उघडली होती. तीत श्रीमती हॉबडे यांनी नवऱ्याच्या बोलण्याच्या चौदा खुणा स्वतःच्या हातानं लिहून ठेवल्या होत्या. हुकमाआधी नाकानं श्वास. ओठाचा डावा कोपरा खाली. वाक्याच्या शेवटी काहीतरी करपल्याचा वास आल्यासारखा चेहरा. इंगवले बोलत होते आणि मिस ऑल्डरसन खुणा करत होत्या. चौदापैकी चौदा. शेवटची खूण करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं.

"हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच. आमचे लोक असेच बोलत असले पाहिजेत."

तळाशीकर न्यायाचे पक्के. त्यांनी फॅनशॉंना मराठीवर एक संधी दिली. फॅनशॉंना मराठी येत नव्हतं, तेव्हा इंगवल्यांनीच मोठ्या मनानं त्यांना एक वाक्य शिकवलं, हातात हात धरून. फॅनशॉंनी ते म्हटलं. साहेब जयसिंगपूरच्या पुढं काही गेला नाही. त्यांनी स्वतःच उच्चार काढला, पुसला, आणि इंगवल्यांपुढं धरून कडक सलाम ठोकला. गडी दिलदार होता, दाढ गेल्याचं दुःखही त्यानं तोंडावर दिसू दिलं नाही.

आदेश तिथंच वाचून दाखवला गेला. सदर उच्चार जन्मानं इंग्रज असला, तरी वहिवाटीनं कोल्हापूरचा आहे. इंग्रजी भाषेशी त्याचं नातं उरलेलं नाही. सबब, ज्या तोंडात तो वाजतो त्या तोंडाच्या हवाली, अर्थात अर्जदार क्रमांक दोन यांच्याकडे, तहहयात राहावा. डबी ताराबाईंकडे राहील. अपील करायचं असल्यास तीस दिवसांत.

मग काय विचारता! जिन्यावर हलगी कडाडली. गुलाल कुणी आणला होता कोण जाणे, पण होता. "आपला सायेब!" म्हणत पेठेनं इंगवल्यांना खांद्यावर घेतलं. शामराव इंगवले, वय चौसष्ट, आयुष्यभर हरलेले, गुलालात न्हाऊन मिरवत निघाले आणि पोरासारखे रडत होते. इंदूबाई मागून येत होत्या, भेटेल त्याला सांगत, "इंग्रजी येत न्हाई त्यांस्नी. एक अक्षर येत न्हाई!" आणि तोऱ्यात सांगत होत्या.

मिस ऑल्डरसन यांनी अपील केलं नाही. संध्याकाळी त्या इंगवल्यांच्या घरी आल्या. तांबडा रस्सा जेवल्या, नाक पुसलं, आणि म्हणाल्या, "आम्ही विचार केला आहे. उच्चार इंग्रजीत येत नसेल, तर चित्रपट मराठीत करावा लागेल. साहेबाची भूमिका आपण करावी."

"लंडनला?"

"होय. अखेरीस साहेबाचा विजय होतो. आपल्याला आवडेल."

इंगवल्यांनी मान हलवली. "तसं जमायचं न्हाई, बाई. सायेब शेवटाला पडलाच पायजे. न्हाईतर पब्लिक उठून जातंय."

"परंतु तो आमचा साहेब आहे."

"आसू दे की. पडल्याबिगर सायेब खरा वाटत न्हाई."

मिस ऑल्डरसन यांनी हे वहीत लिहून घेतलं. ती पंधरावी खूण झाली.

चित्रपट आठ महिन्यांत पुरा झाला. उच्चार एकच असल्यामुळं बाकीच्या इंग्रज नटांना संवाद दिले नाहीत. त्यांनी माना डोलावल्या, आणि फॅनशॉंनी तर इतकी सुरेख डोलावली की त्यांचं वेगळं कौतुक झालं. पहिल्या खेळाला लंडनचं थिएटर गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत कोल्हापुरी फेटा बांधून इंगवले आणि नऊवारीत इंदूबाई. पडद्यावर साहेब बोलायला लागला तशी थिएटरातली म्हातारी माणसं एकमेकांचे हात धरायला लागली. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती कुणी वाचत नव्हतं. आपला पणजोबा बोलतोय, यापुढं अक्षरं कोण वाचणार? शेवटी साहेब बुरुजावर चढला, "आमी परट येनार!" असं ओरडला आणि पाय घसरून थेट खंदकात पडला.

थिएटर उठून उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, हवेत टोप्या. आणि मग मागच्या रांगेतून एक इंग्रज म्हातारा ओरडला, "वन्स मोअर!" त्याच्यामागं सगळे. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

मिस ऑल्डरसन इंगवल्यांकडं झुकल्या. "हे लोक काय मागत आहेत? मी हा शब्द कधी ऐकलेला नाही."

"आमच्या नाटकातला हाय, बाई," इंगवले म्हणाले. एकसष्ट सिनेमे झाले, साहेब पडला की लोक टाळ्या वाजवायचे, पण त्या पाडणाऱ्याला. साहेबाला अजून कुणी वन्स मोअर दिला नव्हता. "ह्यो मिळाला की परत करून दाखवायला लागतंय. न्हाईतर पब्लिकचा अपमान होतोय."

ते रंगमंचावर गेले. यंत्र थांबवलं गेलं, दिवे लागले. इंगवल्यांनी खिशातून ताराक्कांनी पावती करून दिलेली डबी काढली, उच्चार बसवला, दहा मोजले. हजार माणसं त्यांच्याबरोबर दहा मोजत होती. मग ते खुर्चीवर चढले, ओरडले, आणि धाडकन पडले.

टाळ्यांनी छत उडायचं बाकी होतं. "वन्स मोअर!"

इंगवले उठले, फेटा सारखा केला, खुर्चीवर चढले आणि पुन्हा पडले. तिसऱ्यांदा पडले. चौथ्यांदा पडले, तेव्हा इंदूबाई खालून ओरडल्या, "अवं, गुडघा! गुडघ्याकडं बघा की!" इंगवल्यांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. सगळं लंडन उभं होतं, इंगवले हसत होते, आणि हसत हसतच ते पाचव्यांदा खुर्चीवर चढले.